टेनिसमध्ये सिंगल्स खेळायचं कसं: सर्व्ह रिटर्नपासून नेटपर्यंत, नव्याने मॅच खेळणाऱ्यांसाठी

कोचिंगमध्ये फोरहँड मस्त लागतो, वीस-वीस बॉलच्या रॅली होतात, सर्व्ह पण आत पडते, आणि मॅच सुरू झाली की बघता बघता २-६. असं ज्यांचं होतंय त्यांच्यासाठी लिहितेय. फटका कसा मारायचा ते कोच सांगेलच, मी सांगणार आहे ते कुठला फटका कधी आणि कुठे टाकायचा याबद्दल, कारण मॅच खेळायला लागल्यावर मला हे कुणी एका जागी बसून सांगितलं नव्हतं, इकडून तिकडून गोळा करावं लागलं.

स्ट्रॅटेजी म्हटलं की लोकांना बुद्धिबळासारखे डाव वाटतात. आपल्या लेव्हलला तसलं काही नसतं हो. प्रत्येक प्रकारच्या बॉलला एक ठरलेलं उत्तर आधीच डोक्यात असलं पाहिजे, बॉल येताना विचार करायला वेळच नसतो आणि विचार केला की बॉल नेटमध्ये जातो, एवढंच. आणि सगळे पॉइंट जिंकायचे नसतात हेही आधीच मान्य करून टाका. फेडररने २०२४ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या पदवीदानाच्या भाषणात स्वतःचा हिशोब सांगितला होता, १५२६ सिंगल्स मॅचपैकी जवळपास ८० टक्के जिंकल्या पण पॉइंट जिंकले फक्त ५४ टक्के. म्हणजे निम्म्याला थोडेच जास्त. ते थोडंसं जास्त कुठून काढायचं तेवढंच आपण बघतोय.

सोबत काय काय लागेल

- रॅकेट, जमलं तर दोन, आणि दोन्हीची स्ट्रिंग एकाच टेन्शनची. पॉलिएस्टर स्ट्रिंग असेल तर तुटायची वाट बघू नका, ती तुटायच्या बरीच आधी मेलेली असते.
- दोन-तीन ओव्हरग्रिप, टॉवेल, टोपी, पाणी.
- बॉलचा एक नवीन डबा. आठवडाभर मऊ पडलेल्या बॉलवर प्रॅक्टिस करून मॅचला नवीन बॉल घेतले की सगळे शॉट दोन फूट लांब जातात, त्यामुळे अधूनमधून नवीन बॉलवर पण खेळत जा.
- चार-पाच कोन (शंकू), टार्गेट लावायला.
- खिशात मावेल अशी वही आणि पेन. हसू नका, पुढे लागणार आहे.
- मोबाइल आणि स्टँड. बेसलाइनच्या (कोर्टाच्या मागच्या टोकाच्या लाइनच्या) मागून, जितक्या उंचावरून जमेल तितक्या उंचावरून शूट करा, बाजूने शूट केलं तर फटके दिसतात पण कोण कुठे उभं होतं ते दिसत नाही.
- टूर्नामेंट असेल तर एंट्रीची पावती, वयाचा पुरावा, फोटो, आणि रजिस्ट्रेशन नंबर असेल तर तो. नक्की काय लागतं ते आयोजकांना दोन दिवस आधी विचारून घ्या, सकाळी टेबलवर धावपळ नको.

१. आधी कोर्टाची मापं डोक्यात बसवा

हे कंटाळवाणं वाटेल पण पुढचं सगळं यावरच उभं आहे. कोर्ट ७८ फूट लांब, सिंगल्सची रुंदी २७ फूट. नेट मध्ये ३ फूट उंच आणि खांबापाशी साडेतीन. आता कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्यात मारलं तर अंतर साधारण साडेब्याऐंशी फूट होतं. म्हणजे क्रॉसकोर्ट मारताना तुम्हाला साडेचार फूट कोर्ट जास्त मिळतं आणि वरून नेटचा जरा खालचा भाग मिळतो. डाउन द लाइन, म्हणजे साइड लाइनला धरून सरळ मारताना कोर्ट कमी, नेट उंच आणि लाइन अगदी शेजारी. तोच फटका, तोच जोर, एक आत पडतो आणि दुसरा बाहेर.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची, ती म्हणजे मारल्यानंतर परत कुठे यायचं. बहुतेकांना "मध्ये ये" एवढंच शिकवलेलं असतं आणि ते अर्धवट आहे. समोरचा जिथून मारणार तिथून तो जास्तीत जास्त डावीकडे कुठे मारू शकतो आणि जास्तीत जास्त उजवीकडे कुठे, त्या दोन टोकांच्या बरोबर मध्ये उभं राहायचं असतं, कोर्टाच्या मध्ये नाही. तुम्ही उजव्या कोपऱ्यातून क्रॉसकोर्ट मारलं तर ही जागा सेंटर मार्कच्या (बेसलाइनवरच्या मधल्या खुणेच्या) थोडी उजवीकडेच येते, म्हणजे दोन-तीन पावलं टाकली की पोचलात. तिथूनच डाउन द लाइन मारलं तर ती जागा सेंटर मार्कच्या पलीकडे डावीकडे जाते, म्हणजे धावा. दमलेले असताना, लांब खेचले गेलेले असताना डाउन द लाइन का मारायचं नाही याचं हे खरं कारण. शॉट बाहेर जाईल हा एक भाग झाला, पण आत पडला तरी तुम्ही पोचणार नाही.

२. रिटर्न: यावर सगळ्यात जास्त वेळ घाला

सर्व्हची प्रॅक्टिस सगळे करतात, बास्केट घेऊन एकटं पण करता येते. रिटर्नची कुणीच करत नाही आणि मॅचमध्ये निम्मे पॉइंट रिटर्ननेच सुरू होतात.

उभं कुठे राहायचं: पुन्हा तेच, सर्व्ह जास्तीत जास्त वाइड (साइड लाइनकडे) कुठे जाईल आणि टीवर (सर्व्हिस बॉक्सच्या मधल्या लाइनकडे) कुठे जाईल त्याच्या मध्ये. सर्व्ह करणारा सेंटर मार्कपासून लांब सरकून उभा राहिला तर तुम्ही पण बाहेर सरका. पहिल्या सर्व्हला बेसलाइनच्या पाऊलभर मागे, दुसऱ्याला बेसलाइनच्या पाऊलभर आत, हे सुरुवातीला पुरतं.

आता हातपाय. रॅकेट पोटासमोर, दुसरा हात रॅकेटच्या गळ्यावर, म्हणजे ग्रिप फिरवायला सोपं. नजर समोरच्याच्या टॉसच्या (सर्व्हसाठी बॉल वर फेकायच्या) हातावर. बॉल वर गेला की तुम्ही अर्धं पाऊल पुढे यायचं आणि त्याची रॅकेट बॉलला लागते त्याच क्षणी छोटी उडी मारून दोन्ही पाय खांद्यांपेक्षा जरा रुंद ठेवून जमिनीवर यायचं, हीच स्प्लिट स्टेप. उडी उशिरा पडली तर पाय हवेत असताना बॉल अंगावर येतो. मग फक्त खांदे फिरवायचे. रॅकेट मागे न्यायची नाही, खांदे फिरले की ती जेवढी मागे जाते तेवढीच बास. जोर समोरच्याने दिलेलाच आहे, तुम्ही फक्त परत पाठवायचाय.

वाइड सर्व्हला लोक बाजूला किंवा मागे पळतात आणि बॉल लांबच लांब जात राहतो. तिरकं पुढे जा, म्हणजे बॉल बाहेर निसटायच्या आधी गाठता येतो.

मारायचं कुठे: पहिल्या सर्व्हला एकच टार्गेट, मध्ये आणि खोल. बस. मध्ये खोल पडलेल्या बॉलवरून समोरच्याला अँगल मिळत नाही, मध्ये नेट सगळ्यात खाली असतं, आणि सर्व्ह करून अजून तोल सावरत असलेल्या माणसाच्या पायापाशी बॉल जातो. दुसऱ्या सर्व्हला मात्र आधीच दिशा ठरवून ठेवा, क्रॉसकोर्ट खोल किंवा त्याच्या कच्च्या बाजूला, आणि सर्व्ह कशीही आली तरी ती बदलू नका. सोपी दुसरी सर्व्ह नेटमध्ये मारायची ९९ टक्के कारणं म्हणजे "अरे इकडे मारू का तिकडे".

टॉस वाचायला शिका. समोरचा उजवा असेल आणि टॉस त्याच्या उजवीकडे लांब गेला तर बहुतेक स्लाइस (बाजूला वळणारी) येतेय, डोक्यावर किंवा डावीकडे गेला तर किक (टप्पा पडून उंच उसळणारी). आगासीने तर नंतर स्वतःच सांगितलंय की बेकर टॉस टाकायच्या आधी जीभ बाहेर काढायचा, जीभ ओठाच्या मध्ये असली की सर्व्ह टीवर किंवा अंगावर आणि बाजूला असली की वाइड, आणि अवघड काम होतं ते हे कळलंय हे बेकरला कळू न देणं! आपल्या समोरचा जीभ काढणार नाही, पण दोन-तीन गेम नीट बघितलं तर वाइड मारताना एक पाऊल बाजूला उभा राहतो किंवा बॉल एकदा जास्त टप्पी देतो असलं काहीतरी सापडतं.

आणि उभं राहायची जागा मुद्दाम बदला. मेदवेदेव पार मागे जाऊन घेतो, फेडररने २०१५ मध्ये दुसऱ्या सर्व्हवर सर्व्हिस लाइनच्या (नेट आणि बेसलाइनच्या मधल्या आडव्या लाइनच्या) जवळ धावत येऊन हाफ व्हॉलीने (टप्पा पडतापडताच) रिटर्न मारायला सुरुवात केली होती. तुम्हाला ते जमायची गरज नाही. ३०-३० वर दुसऱ्या सर्व्हच्या आधी दोन पावलं पुढे येऊन उभं राहून तर बघा. डबल फॉल्ट फुकट मिळतात.

३. सर्व्ह, आणि त्यानंतरचा पहिला बॉल

सर्व्हवर लिहिण्यासारखं बरंच आहे पण नवीन माणसाला तीन गोष्टी पुरतात.

एक, पहिली सर्व्ह पूर्ण ताकदीने मारू नका, जरा कमी जोरात मारली आणि आत पडली तर जास्त फायदा, कारण पहिली सर्व्ह आहे म्हणून समोरचा मागे उभा असतो. दोन, टी, अंगावर आणि वाइड असे तीन पर्याय आहेत आणि त्यातली अंगावरची सर्व्ह कुणी वापरतच नाही. उंच, लांब हातांच्या माणसाला तर अंगावरच मारा, त्याला जागाच करता येत नाही. तीन, दुसरी सर्व्ह हळू ढकलायची नाही, हात तेवढाच जोरात फिरवायचा पण बॉलला स्पिन द्यायची. ढकललेली सर्व्ह टेन्शन आलं की नेटमध्येच जाते.

अंडरआर्म सर्व्ह नियमात बसते हे पण माहीत असू द्या. १९८९ च्या फ्रेंच ओपनमध्ये पायात गोळे आलेल्या मायकल चँगने लेंडलला मारली होती आणि मॅच पण जिंकला. वारा सुटलाय आणि टॉस कुठल्या कुठे जातोय तर खुशाल मारा, लोक तोंड वाकडं करतील, करू देत.

सर्व्हनंतरचा बॉल कुठे मारायचा हे सर्व्हच्या आधी ठरवायचं. सोपी जोडी म्हणजे वाइड सर्व्ह आणि पुढचा बॉल मोकळ्या बाजूला. हे दोनदा केलं की तिसऱ्यांदा समोरचा आधीच मोकळ्या बाजूला पळायला लागतो, तेव्हा जिथून तो निघाला तिथेच मारा.

४. रॅली: कधी दिशा बदलायची

बेसलाइनच्या मागे असाल तर उंच, खोल, क्रॉसकोर्ट. बेसलाइनवर असाल तर क्रॉसकोर्ट खोल. आत आलात तर अटॅक. जागेप्रमाणे असं तीनात वाटून टाका. उंच म्हणजे खरंच उंच, नेटच्या वर तीन-चार फूट. टीव्हीवर कॅमेरा वरून असतो म्हणून बॉल नेटला घासून गेल्यासारखे वाटतात, कोर्टच्या बाजूला उभं राहून कुणा चांगल्या प्लेयरला बघा, केवढे उंच मारतात. आणि लाइनवर टार्गेट ठेवू नका, लाइनच्या तीन फूट आत ठेवा, चुकून जे लाइनला लागेल ते लागेल.

आता दिशेचं. बॉल तुमच्या अंगासमोरून आडवा जाऊन पलीकडे पडत असेल तर तो जिथून आला तिथेच परत पाठवा, म्हणजे क्रॉसकोर्ट. अंगासमोरून न जाता अलीकडेच राहिला असेल, म्हणजे तुम्हाला त्यापासून बाजूला सरकून जागा करावी लागत असेल, तर दिशा बदलायला हरकत नाही. समजा क्रॉसकोर्ट फोरहँडची रॅली चाललीय आणि समोरच्याचा एक बॉल कमी अँगलने मध्याच्या जवळ आला, तर तोच डाउन द लाइन मारायचा बॉल. कोपऱ्यात लांब खेचणारा बॉल डाउन द लाइन मारायला गेलात की रॅकेटवरून तो बाहेरच्या बाजूला सरकतो आणि अर्धा फूट बाहेर पडतो, आणि मग आपण म्हणतो "आज लकच नाही".

ड्रॉप शॉट तुम्ही बेसलाइनच्या आत असताना आणि समोरचा मागे असतानाच मारा. मागून मारलेला ड्रॉप शॉट म्हणजे समोरच्याला दिलेलं गिफ्ट. मारल्यावर जागेवर उभं राहून बघत बसायचं नाही, आपण पण पुढे यायचं, कारण तो पोचला तरी बहुतेक वेळा त्याला उचलूनच टाकावा लागतो.

५. अप्रोच: नेटवर जायचं तिकीट

नेटवर कधी जायचं? बॉल सर्व्हिस लाइनच्या आसपास आखूड पडला की. अजून एक वेळ म्हणजे समोरचा लांब खेचला जाऊन एका हाताने कसाबसा उंच बॉल उडवतोय असं दिसलं की चुपचाप पुढे सरका आणि तो हवेतच घ्या, त्याला वर बघायला वेळच नसतो.

अप्रोच शॉट (जो मारून आपण नेटकडे जातो तो) शक्यतो डाउन द लाइन. आत्ताच तर सांगितलं की डाउन द लाइन धोक्याचं, मग आता काय? बेसलाइनवर आणि नेटवर गणित उलटं होतं. नेटवर तुम्ही समोरच्याच्या जवळ असता, त्यामुळे मधली जागा बॉल जिथे गेलाय त्याच बाजूला येते. उजवीकडून सरळ डाउन द लाइन मारलं तर सरळ पुढे पळत जायचं, तुमची जागा तिथेच आहे. क्रॉसकोर्ट मारलं तर पूर्ण कोर्ट तिरकं कापून जायला लागतं आणि तेवढ्यात मागची बाजू उघडी पडते. समोरच्याचा बॅकहँड फारच कच्चा असेल तर मात्र अपवाद करा, तो कुठेही असो तिकडेच मारा.

जमलं तर स्लाइस (बॉल खालून कापून) मारा. स्लाइस खाली राहते, समोरच्याला वाकून बॉल वर उचलावा लागतो, आणि वर उचललेला बॉल म्हणजे तुमची सोपी व्हॉली (टप्प्याआधी हवेतच मारायचा फटका). विनर मारायला जाऊ नका. अप्रोचवरच पॉइंट संपवायचा मोह होतो आणि आखूड, सोपे बॉल तिथेच बाहेर जातात.

६. नेट

जागा: नेट ते सर्व्हिस लाइन २१ फूट आहे, त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्याहून जवळ गेलात तर डोक्यावरून लॉब, लांब राहिलात तर पायात बॉल.

पोचायच्या नादात पळत राहू नका. समोरच्याने रॅकेट पुढे आणायला सुरुवात केली की तुम्ही जिथे असाल तिथे, अगदी सर्व्हिस लाइनवर असलात तरी, स्प्लिट स्टेप घेऊन थांबायचं. पळत असताना बाजूने आलेला बॉल कुणालाच घेता येत नाही. थांबा, व्हॉली मारा, मग पुढची दोन पावलं.

ग्रिप कॉन्टिनेंटल (हातोडा धरतो तशी), दोन्ही बाजूंना तीच, नेटवर बदलायला वेळ नाही. व्हॉलीला स्विंग नाही. रॅकेट डोळ्यांसमोर, खांदा फिरला, पाय पुढे आणि बॉल अंगाच्या पुढे अडवला. रॅकेट कानाच्या मागे गेली की समजा व्हॉली गेली. खालच्या बॉलला रॅकेटचं डोकं खाली सोडतात सगळे, मनगट पडतं आणि बॉल नेटमध्ये. गुडघे वाकवा, मागचा गुडघा जवळपास जमिनीला टेकेल इतके, डोळे बॉलच्या लेव्हलला आणा, रॅकेट मग आपोआप नीट राहते. मोबाइलवर शूट करून फक्त हा एक शॉट बघा, किती सरळ पायांनी खेळतोय ते बघून लाज वाटेल.

कुठे मारायचं ते नेटच्या उंचीवरून ठरवा. बॉल नेटच्या खाली असेल तर खोल मारा, शक्यतो समोर सरळ, पॉइंट संपवायला जाऊ नका. नेटच्या वर असेल तर अँगल काढून संपवा. पहिली व्हॉली बहुतेक वेळा खालचीच असते, म्हणजे एक सेट करायला आणि एक संपवायला असं दोन व्हॉलींचं डोक्यात ठेवा.

लॉब आला तर उलटं तोंड करून मागे मागे जाऊ नका, पडाल, आणि पडलेले लोक मी बघितलेत. बाजूला वळा, पाय एकमेकांवरून टाकत मागे जा, दुसऱ्या हाताने बॉलकडे बोट दाखवा. फारच उंच लॉब असेल तर सरळ टप्पा पडू द्या आणि मग मारा.

नियमाचं एक: पॉइंट चालू असताना अंग, कपडा किंवा रॅकेट नेटला लागली तर पॉइंट गेला. बॉल आपल्या बाजूला यायच्या आधी पलीकडे हात घालून मारला तरी गेला. आपल्या बाजूला बॉल मारल्यावर रॅकेट पुढे पलीकडे गेली तर चालतं, फक्त नेटला लागू देऊ नका.

पासिंग शॉट, म्हणजे नेटवर असताना आपल्या बाजूने निघून जाणारा फटका, बसणार. बसतोच. एखादा सणसणीत बसला की लोक पूर्ण मॅच नेटवर जायचं सोडून देतात आणि समोरच्याला तेच हवं असतं. दहापैकी सहा मिळाले तर जात राहा.

७. समोरचा नेटवर आला तर

पहिल्याच फटक्याला पास मारायची घाई नको. पहिला बॉल खाली, त्याच्या पायाशी. त्याला व्हॉली वर उचलावी लागली की दुसऱ्या बॉलला पास करा. लॉब मारायचा तर त्याच्या बॅकहँडच्या खांद्यावरून आणि क्रॉसकोर्ट, तिकडे लांबी जास्त मिळते. मॅचच्या सुरुवातीलाच एक-दोन लॉब टाकून ठेवा, बाहेर गेले तरी चालतील, तो पुढे चिकटून उभा राहायचा थांबतो.

८. स्कोअर बघून खेळा

सगळे पॉइंट सारखे नसतात. २०१९ ची विम्बल्डन फायनल आठवा, फेडररने २१८ पॉइंट जिंकले, जोकोविचने २०४, आणि कप घेऊन गेला जोकोविच, कारण तिन्ही टायब्रेक (सेट बरोबरीत आल्यावरचे निर्णायक गेम) त्याने घेतले.

एक गोष्ट कुणी सांगत नाही: ३०-४०, ४०-३० आणि अ‍ॅडव्हांटेजचे सगळे पॉइंट अ‍ॅड साइडला, म्हणजे डाव्या बाजूला खेळले जातात. गेम बहुतेक वेळा तिथेच संपतो. आणि बास्केट घेऊन सर्व्हची प्रॅक्टिस करताना आपण बहुतेक जण उभे असतो ड्यूस साइडला, म्हणजे उजव्या बाजूला! अ‍ॅड साइडची एक भरवशाची सर्व्ह आणि एक भरवशाचा रिटर्न तयार ठेवा.

४०-० वर धोका पत्करा, नवीन काही करून बघा. ३०-३० आणि ०-३० ला ठरलेलंच खेळा, क्रॉसकोर्ट आणि खोल. साइड बदलल्यावर वारा आणि ऊन कुठून येतंय ते बघा. वाऱ्याच्या विरुद्ध असाल तर बिनधास्त मारा, वारा पाठीमागे असेल तर टॉपस्पिन वाढवा आणि टार्गेट आखूड करा.

अंपायर नसेल तर आपल्या बाजूचे कॉल आपणच द्यायचे असतात, आणि बॉल बाहेर पडल्याचं स्वच्छ दिसलं नसेल तर तो आत. लगेच आणि मोठ्याने सांगायचं. पॉइंट झाल्यावर दोन मिनिटांनी वाद घालायचा नाही.

९. प्रॅक्टिस काय करायची

नुसतं समोरासमोर मारत बसू नका. अर्ध्या कोर्टवर फक्त क्रॉसकोर्ट, नेट आणि सर्व्हिस लाइनच्या मध्ये आखूड पडलेला बॉल फाउल, अकराचा गेम. मग एकाने फक्त दुसरी सर्व्ह करायची आणि दुसऱ्याने रिटर्न मध्ये ठेवलेल्या कोनच्या मागे टाकायचा. मग आखूड बॉल टाकून अप्रोच, व्हॉली आणि पूर्ण पॉइंट.

आणि ती वही. मॅचमध्ये साइड बदलताना ९० सेकंद मिळतात, तेवढ्यात गेलेले पॉइंट कसे संपले ते खुणांनी लिहा: माझी चूक, त्याची चूक, माझा विनर, त्याचा विनर. लक्षात राहणार नाहीत सगळे, जेवढे आठवतील तेवढे लिहा. दोन-तीन मॅचनंतर बघा, तुमच्या चुकांची रांग सगळ्यात लांब असेल आणि त्यातल्या अर्ध्या एकाच शॉटच्या असतील.

१०. समोर कोण आहे

जोरात मारणारा असेल तर त्याला जोर देऊ नका, हळू, उंच, मध्ये. डावखुरा असेल तर अ‍ॅड साइडला त्याची वाइड स्लाइस तुम्हाला पार कोर्टच्या बाहेर खेचणार, म्हणून तिथे पाऊलभर डावीकडे सरकूनच उभे राहा. वेगवान सर्व्ह नसलेल्या माणसाला कमी लेखू नका, रमेश कृष्णनच्या सर्व्हला कधीच फार वेग नव्हता आणि तो ग्रँड स्लॅममध्ये तीनदा क्वार्टर फायनलला पोचलाय, १९८१ आणि १९८७ ला यूएस ओपन, १९८६ ला विम्बल्डन.

सगळ्यात त्रासदायक म्हणजे नुसता बॉल परत टाकणारा. आमच्या ग्रुपमध्ये साठीच्या पुढचे एक काका आहेत, गुडघ्याला पट्टा, सर्व्ह जेमतेम आत पडणारी, आणि पंचविशीतली पोरं त्यांच्याकडून हरून रॅकेट आपटत बाहेर येतात. काका काहीच मारत नाहीत. प्रत्येक बॉल उंच, मध्ये, खोल. पोरगं नेटवर आलं की लॉब. तिसऱ्या-चौथ्या बॉलला पोरगं वैतागतं आणि लाइनवर मारायला जातं. अशा माणसासमोर बेसलाइनवरून जोर लावू नका, तो जोरच त्याचं जेवण आहे. त्याला आखूड, खालची स्लाइस टाकून जबरदस्तीने नेटवर आणा, असे लोक नेटवर हमखास अवघडतात, आणि मग डोक्यावरून लॉब टाका. किंवा त्याचा उंच बॉल टप्पा पडायच्या आधी, सर्व्हिस लाइनच्या जरा मागून, हवेतच घ्या. दोन्हीला धीर लागतो, आणि पाणी पण जास्तीचं न्या, काकांबरोबरचा पहिला गेमच दहा-बारा मिनिटं चालतो.